दारं धरायला स्पेनला गेलेल्या दोघी

मैत्रिणीचं नाव इथं लिहायचं नाही असं तिनं बजावलंय, त्यामुळे मी तिला जे म्हणते तेच लिहिते, पाटलीण. गाव तासगावजवळ, घरची द्राक्षबाग, वडील म्हणजे आप्पा. आणि मी डोंबिवलीची, शेती म्हणजे बाल्कनीतली तुळस आणि ती पण दोनदा वाळलेली. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्याकडे वळवणं, हे सुद्धा मला तिच्याकडूनच कळलं. जर्मनीत दोन वर्षं आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहिलो, २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोघींचा थिसिस सबमिट झाला, तिची नोकरी १ डिसेंबरपासून होती आणि माझी अजून शोधायचीच होती, म्हणजे मधे तीन महिने हातात आणि खात्यात पैसे जेमतेम. शेतावर राहायचं, चार-पाच तास काम करायचं, बदल्यात झोपायला जागा आणि जेवण, ही आयडिया माझी. पाटलीण पहिल्यांदा ऐकून इतकी हसली की चहा सांडला. "आमच्याकडे याला सालगडी म्हणतात, फक्त त्याला पगार असतो."

तरी आली. का आली ते तिनं तेव्हा सांगितलं नाही.

यासाठी वूफ नावाचं जाळं आहे, १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेलं, शहरातल्या लोकांनी वीकेंडला सेंद्रिय शेतावर जाऊन हात लावायचा इतकीच मूळ कल्पना, आता कितीतरी देशांत पसरलंय. मेंबर व्हायचं, शेतांची यादी बघायची आणि मेसेज टाकत बसायचं. आम्ही २३ शेतांना लिहिलं, उत्तरं आली नऊ, त्यातली चार "जागा भरली" अशी. एक गोष्ट लवकर कळली की गोड गोड मेसेजला कुणी विचारत नाही, "आम्हाला स्पॅनिश संस्कृती अनुभवायची आहे" वगैरे वाचून ते लोक कंटाळलेत, पण पाटलिणीनं "मला द्राक्षाची छाटणी येते, ठिबक दुरुस्त करता येतं, ट्रॅक्टर चालवते" असं लिहिल्यावर दोन तासांत उत्तर. माझ्या प्रोफाइलमध्ये "पटकन शिकते" होतं. असो.

व्हिसाचं म्हणाल तर जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असलं की शेंगेनमधल्या दुसऱ्या देशात १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही, ते एक झंझट वाचलं. पण भारतातून टुरिस्ट व्हिसावर येऊन हे करायचं डोक्यात असेल तर आधी नीट चौकशी करा, पगार नसला तरी काम ते कामच, आणि विमानतळावर "मी शेतावर काम करायला आलेय" म्हटलं तर पुढची चर्चा लांबते.

पहिलं शेत प्रियोरात भागात, बार्सिलोनाच्या खाली, कातालोनियात. बार्सिलोनाहून मार्सा-फालसेत स्टेशनपर्यंत ट्रेन, आधी समुद्राच्या कडेकडेनं आणि मग एकदम डोंगरात शिरते, खाली उतरलो तर आमच्याशिवाय एक म्हातारी आणि तिचा कुत्रा. मालक घ्यायला आला. ७ सप्टेंबर, गरम इतकं की मला वाटलं आपण उगाच युरोप युरोप करतो, हे तर सोलापूर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बागेत. पाटलीण बांधावर उभी राहिली, समोर बघितलं आणि म्हणाली, "वांगी लावलीत काय?"

कारण तिकडच्या जुन्या वेली मांडवावर नसतात, तारेवर पण नसतात. गुडघ्याएवढं बुटकं खोड आणि त्यातून चार-पाच फांद्या फुटलेल्या, एकेक वेल स्वतंत्र झुडपासारखी, आणि डोंगर एवढा उभा की एक पाय वर एक पाय खाली ठेवूनच उभं राहायचं. माती नाहीच म्हणायची, काळ्या पाटीच्या दगडाचे थर, चालताना खापऱ्यांवर चालल्यासारखा आवाज येतो. त्या दगडाला ते लिकोरेया म्हणतात आणि त्यांच्या वाईनचं सगळं कौतुक त्या दगडामुळे. द्राक्षांच्या जातींची नावं गार्नाचा आणि कारिन्येना, मणी बारीक, साल जाड, आत बियाच बिया. पाटलिणीनं एक तोंडात टाकलं आणि थुंकली. "आप्पा असला माल रस्त्यावर ओततील."

मग तिनं मालकाला विचारलं की एका वेलीला किती निघतो, तर जुन्या वेलीला किलोभर सुद्धा नाही म्हणाला, आणि तिनं सांगितलं की आमच्याकडे एकरी दहा टन निघतो, तर तो थांबलाच. भाषांतर मी करत होते, त्याला वाटलं मी शून्य जास्त लावलं. मग दोघं मोबाईलवर एकमेकांना फोटो दाखवत बसले, मांडव, तारा, घडांवर चढवलेले कागद. वर्षातून दोनदा छाटणी हे तर त्याला पटेचना. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग पावसाळ्यानंतर फळ छाटणी, आपल्याकडे वेल झोपतच नाही आणि स्पेनात हिवाळ्यात पानं गळून वेल मेल्यासारखी उभी राहते, छाटायची ती तेव्हा एकदाच. तो म्हणाला बिचाऱ्या तुमच्या वेलींना सुट्टीच नाही. पाटलीण म्हणाली आमच्या लोकांना पण नाही. हे मी भाषांतर केलं नाही.

काम म्हणजे तोडणी. कात्री, हातमोजे, प्लॅस्टिकचा क्रेट, क्रेट भरला की उतारावरून खाली वाटेपर्यंत न्यायचा. दहा वाजता बोटं साखरेनं चिकट, मग गांधीलमाश्या, मग मी डाव्या हाताचं बोट कापून घेतलं, मग न्याहारी. न्याहारी झकास असायची, पावावर लसूण चोळायचा, टोमॅटो अर्धा कापून तो चोळायचा, वरून ऑलिव्हचं तेल आणि मीठ. शिजवायचं काहीच नाही. भाकरीवर ठेचा घेऊन बांधावर बसावं तसे सगळे बसायचे आणि कुणी घाईत नसायचं. दुपारी दीडला काम बंद, तीनला जेवण, मग झोप, आणि रात्रीचं जेवण दहाला. दहाला! साडेसात वाजता माझ्या पोटात कावळे, तेव्हा पाटलिणीच्या बॅगेतलं सांगलीचं भडंग निघायचं, ती मूठ मोजून द्यायची, दिवसाला एक.

त्या वर्षी तिकडे तिसरं वर्ष दुष्काळाचं होतं. माल नेहमीच्या मानानं फार कमी, काही वेलींवर मण्यांच्या मनुकाच झालेल्या, शेजारच्या गावाला टँकर. बार्सिलोनाला पाणी देणाऱ्या साऊ धरणातलं बुडालेलं चर्च वर आलंय म्हणून मालकानं पेपरात फोटो दाखवला, उंच मनोरा आणि खाली भेगाळलेला गाळ, तर पाटलिणीनं त्याला उजनीच्या पाण्यातून उघडं पडणारं पळसनाथाचं देऊळ दाखवलं. ते दोन फोटो शेजारी शेजारी धरून दोघंही काहीच बोलले नाहीत.

पाटलिणीला घरून फोन यायचा दुपारी, आपल्याकडे संध्याकाळ असायची. फळ छाटणीचे दिवस जवळ आलेले. एकदा स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं.

"पगार किती देत्यात?"

"पगार नाही ओ आप्पा. राहणं-जेवण."

"म्हंजी फुकटच की." मग थोडा वेळ नुसता बैल नाहीतर मोटरसायकल कशाचा तरी आवाज. "हितं हजेरी देऊन माणूस मिळंना छाटणीला, आणि तू तिकडं लोकाच्या बागंत फुकट राबतीस व्हय?"

ती हसली, पण फोन ठेवल्यावर क्रेट धुवायला निघून गेली, ती क्रेट धुवायची पाळी खरंतर माझी होती.

प्रियोरातहून व्हॅलेन्सिया. मधे आम्ही आठवडाभर काहीच करायचं नाही असं ठरवलेलं, हॉस्टेलचा बेड २४ युरो, आठ जणांची खोली, त्यात एकजण झोपेत इटालियनमध्ये भांडायचा. बॅगांबद्दल इथंच सांगून टाकते, माझी बॅग १३ किलो होती आणि तिची ८, व्हॅलेन्सियात मी दोन जीन्स, एक हेअर ड्रायर आणि एक जाडजूड गाईडबुक हॉस्टेलच्या फुकट घ्या-फुकट द्या पेटीत टाकलं. शेतावर कामाला येतं काय, तर चामड्याचे हातमोजे, टोपी, डोक्याला बांधायचा टॉर्च, जुने बूट आणि फुल बाह्यांचा सुती शर्ट. बाकी सगळं ओझं.

व्हॅलेन्सियात लोक बीच बघतात, पायेला खातात. आम्ही गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दरवाजासमोर उन्हात उभ्या होतो कारण पाटलिणीला पाण्याचं कोर्ट बघायचं होतं. खरंच आहे असं कोर्ट. तुरिया नदीच्या पाण्यावर आठ पाट आहेत, प्रत्येक पाटाच्या शेतकऱ्यांनी निवडलेला एकेक माणूस, असे आठजण दर गुरुवारी काळे सदरे घालून दरवाजाबाहेर गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात आणि पाण्याचे तंटे तिथल्या तिथे सोडवतात. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी, निकाल फायनल, अपील नाही. हजार वर्षं चालू आहे म्हणतात, अरबांच्या काळापासून, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. बाराचे टोले पडले, एक माणूस हातात लांब काठीसारखं काहीतरी घेऊन उभा राहिला आणि एकेका पाटाचं नाव पुकारून विचारायला लागला की या पाटाचे कुणी आरोपी आहेत का. कुणीच नव्हतं. आठही नावं झाली, सगळे उठले, आत गेले. पाच मिनिटं सुद्धा लागली नसतील. टुरिस्ट लोकांचे चेहरे पडले, माझ्या शेजारचा "इतकंच?" म्हणाला.

पाटलीण मात्र खूश. "कुणी पाणी चोरलं नाही या आठवड्यात," म्हणाली, "आणखी काय पाहिजे?" मग हॉर्चाता पीत पीत, हॉर्चाता म्हणजे चुफा नावाच्या बारक्या कंदाचं गार गोड दूध, एक तास मला येरळा नदी, ताकारी-म्हैसाळच्या पाणी योजना, आवर्तन, खानापूर तालुक्यात लोकांनी वाळूच्या पैशातून बांधलेलं बळीराजा धरण, सगळं ऐकवलं. दोन वर्षं एका किचनमध्ये राहिलो पण हे ती कधी बोलली नव्हती. मी पण विचारलं नव्हतं म्हणा.

यानंतरचं शेत वाईट निघालं. गाव सांगत नाही, मालकाबद्दल पण जास्त लिहीत नाही. पाच तास ठरले होते ते पहिल्याच दिवशी आठ झाले, "इथे आम्ही घड्याळ बघत नाही" असं हसून सांगितलं, झोपायला जुना कॅराव्हॅन, त्यातली गादी ओली, जेवण म्हणजे मसूर आणि पाव आणि मग मसूर. आम्ही सोडून अजून तिघं व्हॉलंटियर होते, त्यातला एक पोरगा तीन महिने तिथंच अडकलेला, आणि शेजारच्या शेतात पगारी मजूर होते, बहुतेक मोरोक्कोचे, एकजण मालीचा. संध्याकाळी नळावर भेट व्हायची. त्यातल्या एकानं विचारलं की तुम्हाला किती मिळतात, आम्ही सांगितलं काही नाही, तर त्याला वाटलं मालक आम्हाला फसवतोय, तो अगदी कळकळीनं युनियनचं सांगायला लागला. आता त्याला कसं सांगणार की आम्ही हौसेनं आलोय. मला त्या दिवशी फार ओशाळल्यासारखं झालं, आणि अजूनही ते कोडं सुटलेलं नाही, जे काम करून तो घरी पैसे पाठवतो ते आम्ही फुकट करून देतो, मग त्याचा भाव पडतो की नाही? जिथं पाच-सहा तासांवर काम घेतात, पगारी माणसाच्या जागी फुकटची पोरं वापरतात, तिथून निघायचं, एवढा साधा नियम आम्ही पुढं धरला. चौथ्या दिवशी पहाटे निघालो.

निघालो खरं, पण रविवार होता. स्पेनच्या आतल्या गावांत रविवारी बस नाही, दुकान नाही, काहीच नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगतेय. फाट्यावरच्या बसस्टॉपवर आम्ही साडेपाच तास बसलो आणि तिथं आमचं भांडण झालं, दोन वर्षांतलं पहिलं. निमित्त फालतू होतं. मी फोटो टाकला होता, चिखलातले हात, खाली काहीतरी मातीशी नातं असलं. ती म्हणाली काढून टाक तो. मी म्हटलं का. तर म्हणाली, "तुझ्यासाठी हा ट्रेक आहे. मी बारावीपासून अभ्यास केला तो हे करायला लागू नये म्हणून केला, आणि आता घरी छाटणी चाललीय, आप्पा एकटे आहेत, आणि मी इथं हौशी लोकांत बसून हातमोजे घालून फोटो काढतेय." मी म्हटलं मग आलीस कशाला. ती बोलली नाही. भडंगाची पिशवी काढली, शेवटची मूठ होती, दोन भाग केले, माझा भाग बॅगेवर ठेवला आणि पाठ फिरवून बसली. मी फोटो काढून टाकला. भडंग पण खाल्लं.

तिथून कुणाच्या तरी गाडीतून शहरात, मग रात्रभराची बस ग्रानादाला. ग्रानादात पेय मागवलं की सोबत खायचं फुकट येतं, तापास, कडकीतल्या माणसासाठी हे शहर स्वर्ग आहे, फक्त मी शाकाहारी, आणि "मांस नको" म्हटलं की ट्यूना येतो, "मासे पण नको" म्हटलं की हॅम येतं, कारण हॅम त्यांच्या लेखी मांसात धरत नाहीत बहुतेक. तिसऱ्या प्रयत्नात वांग्याचे काप, मधाची धार सोडलेले. वांगं आणि मध! मी चार प्लेटी खाल्ल्या.

आणि मग आल्पुहार्रा, सिएरा नेवादा डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरचा भाग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. वर मुलासेन शिखर, ३,४७९ मीटर, स्पेनच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच, आणि खाली उतरत उतरत पांढरी गावं, घरांची छपरं सपाट, त्यावर राखाडी चिकणमाती थापलेली, थेट आपल्या माळवदासारखी. आमचं शेत ओर्हीवा गावापासून तासभर चालत. मालकीण साठीची, एकटी, दोन खेचरं, ऑलिव्ह, अंजीर, आणि बदाम. बदाम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झोडपून झालेले, आम्हाला काम होतं ते वरची साल काढून फोडून निवडायचं. दगडावर बदाम, हातात हातोडी, दिवसभर टक टक टक. जोरात मारलं तर भुगा, हळू मारलं तर फुटत नाही, मधला मार सापडायला मला तीन दिवस लागले.

तिथं एका सकाळी मालकिणीनं मिगास केलं. शिळा पाव बारीक कुस्करायचा, मिठाचं पाणी शिंपडून रात्रभर झाकून ठेवायचा, सकाळी भरपूर तेलात लसणाच्या पाकळ्या सालीसकट तळायच्या, वाळलेली लाल मिरची, आणि त्यात तो कुस्करा घालून परतत राहायचं, परतत राहायचं, अर्धा तास. पाटलीण दारात आली, वास घेतला आणि मराठीतच ओरडली, "फोडणीचा कुस्करा!" शिळ्या पोळीचा आपण करतो तोच हो, फक्त हळद-मोहरी नाही. त्यांच्यात त्यावर सॉसेज घालतात, माझ्यासाठी द्राक्षं आणि तळलेल्या ढोबळ्या मिरच्या. मालकीण म्हणाली पूर्वी पाऊस पडला आणि शेतात जाता आलं नाही की हे करायचे. पाटलीण कढईतलं खरवडून खात होती.

आता पाण्याचं. त्या डोंगरावर बर्फ वितळतं ते पाणी पाटांनी खाली आणलेलं आहे, आसेकिया म्हणतात पाटाला, शब्द अरबी, आणि पाट पण अरबांच्या काळापासूनचे. काही पाट असे की वरच्या अंगाला पाणी मुद्दाम डोंगरात मुरू देतात, वसंतात वर सोडलेलं पाणी आतून झिरपत उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांना येतं, कुणाचं तरी केवढं डोकं असेल. पाटाचं पाणी पाळीनं. प्रत्येक शेताला ठरलेला वार, ठरलेले तास, आणि ते सगळं बघणारा माणूस असतो, आसेकिएरो, म्हणजे आपल्या फड पद्धतीतला, गावानं मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या रीतीतला, पाटकरीच. आमच्या मालकिणीची पाळी आठवड्यातून एकदा, त्या महिन्यात रात्री दोन ते पाच.

ती म्हणाली तुम्ही झोपा, मी जाते. पण तिचा गुडघा दुखत होता. पाटलीण काही न बोलता उठली, टॉर्च बांधला, मालकिणीचं फावडं घेतलं, आसादा म्हणतात त्याला, आपल्या खोऱ्यासारखंच पण दांडा लांब. मी आपली मागून. थंडी मरणाची. दोनला पाच मिनिटं कमी असताना शेजारच्या शेतातले आजोबा पाटावर उभे होते, पाळी त्यांची संपत होती. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर टॉर्च मारला, दोन होऊ दिले, मग वाकून पाटाच्या तोंडातली त्यांच्या बाजूची पत्र्याची फळी खाली सरकवली. आणि पाणी आमच्याकडे वळलं.

मला वाटलेलं पाणी म्हणजे खळखळ वगैरे. तसं नाही. आधी नुसता वास येतो, कोरड्या मातीला पाणी लागल्याचा, मग अंधारात सर्र असा आवाज सरकत सरकत येतो आणि टॉर्चच्या उजेडात पाण्याचं टोक दिसतं, वाळलेली पानं, बदामाची टरफलं, कोळी, सगळं पुढं ढकलत आणणारं फेसाळ टोक. पाटलीण त्या टोकाच्या पुढं पुढं चालत होती. एका पायरीच्या शेतातला वाफा भरला की खोऱ्याचे दोन फटके, माती इकडून तिकडे, दारं बंद, दुसरं उघडं. झाडाच्या बुंध्याशी आळं आधीच नीट केलेलं, कुठं फुटायला लागलं की पायानंच दाबायची. बूट काढून टाकले होते तिनं. मी विचारलं हातमोजे देऊ का, तर म्हणाली, "तू त्या खालच्या कोपऱ्यात उभी रहा, पाणी तिथं पोचलं की हाक मार." मी खालच्या कोपऱ्यात उभी राहिले. तासभर नुसती उभी, आणि पाणी पायाला लागलं तेव्हा मी जी हाक मारली ती "आलं गंऽऽऽ" अशी, खालच्या गावातली कुत्री भुंकायला लागली.

आजोबा घरी गेलेच नव्हते. धक्क्यावर बसून बघत होते. पाचला पाटलिणीनं फळी खाली केली, घड्याळ बघून, एक मिनिट पण जास्त नाही, तेव्हा ते उठले आणि मला विचारलं ही कुठली. मी सांगितलं इंडियाची. ते म्हणाले, ते दिसतंय, पण शिकली कुठं? मी पाटलिणीला विचारलं.

"सातवीत. आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची असायची. आप्पा मोटर चालू करायला विहिरीवर, आई तान्ह्या भावाला घेऊन घरी, मग दारं धरायला कोण? मी. सकाळी शाळेत झोपायची आणि बाई उठवायच्या."

मग म्हणाली, "मला बघायचं होतं की हे काम मला आवडत नाही का ते रात्रीचं उठणं आवडायचं नाही."

मी विचारलं, मग? म्हणाली थंडी वाजतेय, चल.

दुपारी तिनं आप्पांना व्हिडिओ कॉल केला आणि मोबाईल हातात घेऊन पूर्ण शेत फिरवलं, पाट, फळी, दगडी बांध, बदामाची ओली आळी. ते काहीच बोलत नव्हते, कॅमेऱ्यात त्यांचं फक्त कपाळ आणि टोपी. मग विचारलं, "पाळीला किती तास?"

"तीन. आठवड्यातनं एकदा."

"बक्कळ हाय की." मग, "फळीला गळती हाय बघ तुझ्या, डावीकडनं."

होती खरंच. तिनं दुसऱ्या दिवशी गोणपाटाची चिंधी लावून बुजवली.

शेवटचे तीन आठवडे हाएनमध्ये ऑलिव्हची तोडणी. हाएन प्रांतात सहा कोटींच्या वर ऑलिव्हची झाडं आहेत, बसमधून दोन तास दुसरं काही दिसतच नाही, डोंगर विंचरल्यासारखे. खाली जाळी अंथरायची, लांब काठ्यांनी झोडपायचं, मोठी झाडं मशीन धरून गदगदा हलवते, जाळी ओढायची, पानं काढायची, त्याच दिवशी घाण्यावर. झाडावरचं ऑलिव्ह चुकूनही तोंडात टाकू नका, मी टाकलं, संध्याकाळपर्यंत जीभ कडू. पाच किलोला साधारण लिटरभर तेल निघतं आणि त्या वर्षी दुष्काळामुळे भाव इतके चढले होते की दुकानात लिटरमागे नऊ-दहा युरो, काही सुपरमार्केटात तर तेलाच्या बाटल्यांना चोरी होऊ नये म्हणून कुलपं लावलेली. घाण्यावर ताजं तेल चमच्यानं चाखायला दिलं, हिरवंगार, आणि गिळलं की घशात मिरचीसारखा ठसका. मालक खूश, ठसका म्हणजे माल चांगला म्हणे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक दिवस पाऊस आला. काम बंद. गावातल्या बारमध्ये सगळे शेतकरी दारात उभे राहून पाऊस बघत होते, कुणीतरी सगळ्यांना कॉफी पाजली. माझे एकुलते एक बूट बाहेर वाळत घातलेले ते भिजले म्हणून मी चिडलेली, आणि पाटलीण त्या म्हाताऱ्यांच्या रांगेत उभी, खिशात हात, त्यांच्यासारखीच काही न बोलता.

हिशोब विचारतील म्हणून सांगते, सव्वादोन महिन्यांत विमान धरून माझे साधारण ११०० युरो गेले, त्यातले निम्म्याहून जास्त शेतांच्या मधल्या दिवसांत, हॉस्टेल आणि बस. शेतावर खर्च शून्य. हाएनच्या मालकानं निघताना दोघींना मिळून पाच लिटरचा डबा दिला, तो तिच्या बॅगेत नीट आला, अर्धं एका बाटलीत काढून मी माझ्यात घेतलं आणि माद्रिदच्या बसमध्ये झाकण सैल झालं. माझ्या स्लीपिंग बॅगला अजून वास येतो. तिनं तिचा डबा जर्मनीत पोचल्यावर उघडला, भात केला, वर तेल-मीठ घेतलं आणि आप्पांना फोन लावला, छाटणी संपली का विचारायला.